मांडूत प्रकाशाचा वेग मोजायचा दिवस

पहाटे ५.१५

धार. डिसेंबरची थंडी. नळाला पाणी याच वेळी येतं, म्हणून दिवसही याच वेळी सुरू होतो. बाई दोन पिंपं भरतात, एक बादली वेगळी ठेवतात आणि कणकेला बसतात. घर मराठी आहे. धारला पवारांचं राज्य होतं. १९४८ मध्ये ते मध्य भारतात विलीन झालं, पण मराठी घरं इथेच राहिली. घरात मराठी, दारात माळवी, शाळेत हिंदी.

बाई मांडूच्या सरकारी शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतात. अतिथी शिक्षक, वर्ग एक. २०२३ मध्ये हे मानधन महिना ९,००० वरून १८,००० झालं. उन्हाळ्यात शाळा बंद असते, तेव्हा मानधनही बंद असतं.

पोळ्या होतात. भाजी कालचीच आहे. डबा भरून झाला की खरं काम सुरू होतं.

सकाळी ६.४०

ओट्यावरचा मायक्रोवेव्ह खाली उतरतो. वीस लिटरचा, साधा. वजन अकरा-बारा किलो असेल. बाई आधी दार उघडून आतली फिरणारी काचेची थाळी काढून ठेवतात, मग तिच्याखालचं चाकांचं कडं. दोन्ही घरीच राहणार. ओव्हन मागून वळवतात. पाठीवर एक पत्र्याची पट्टी आहे. तिच्यावरचा आकडा वहीत उतरवून घेतात: २४५० मेगाहर्ट्झ.

"दोर आडवा बांध, मग उभा," सासरे खुर्चीतून सांगतात. "बसमध्ये दार उघडलं तर बिजागरी जाईल."

"हो बाबा, चादरही गुंडाळते."

जुनी सोलापुरी चादर, तिच्यावर सुतळी. पिशवीत उडदाच्या पापडांचं पाकीट, ६५ रुपये. किराणा दुकानात बिल छापतात त्या कागदाची एक गुंडाळी, २० रुपये. जाड पुठ्ठा. पाण्याच्या बाटल्यांची चार झाकणं. दहा मीटर दोरी. कापूस आणि वाटी.

बाबा देवास जिल्ह्यात माध्यमिक शाळेचे मास्तर होते. त्यांच्या वर्गात 'बाल वैज्ञानिक' चालायचं. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचं ते पुस्तक. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी १९७२ मध्ये सोळा शाळांत तो कार्यक्रम सुरू केला. १९८२ मध्ये एकलव्य संस्था झाली आणि काम माळव्यात पसरलं. चार मुलांची एक टोली, टोलीला एक किट, आणि जे दिसेल ते वहीत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा असायची. २००२ मध्ये कार्यक्रम बंद झाला. बाबांची सवय काही बंद झाली नाही. सून निघाली की ते एकच विचारतात, "आज मुलं काय मोजणार?"

"प्रकाशाचा वेग."

बाबा चष्मा पुसतात. "पट्ट्या बघून घे," म्हणतात.

सकाळी ८.१०

बस स्टँड. "माण्डव, माण्डव!" कंडक्टर ओरडतोय. इथले लोक मांडूला मांडवच म्हणतात. रिक्षावाल्यानं ओव्हन उतरवून दिला, त्याचे ४० रुपये. कंडक्टर गाठोड्याकडे बघतो.

"मैडम, टीवी है क्या?"

"मायक्रोवेव. स्कूल ले जा रही हूँ."

बाईंचं तिकीट ५०, सामानाचे २०. टपावर ठेवायला बाई तयार नाहीत. शेवटच्या सीटखाली ओव्हन बसत नाही, म्हणून तो मांडीवर येतो. अकरा-बारा किलो, पस्तीस किलोमीटर.

सकाळी ९.२५

नालछा मागे पडलं. पोती उतरली, कोंबड्या चढल्या. पुढे काकडा खोची दरी येते आणि रस्ता वळणं घेत वर चढतो. आलमगीर दरवाजा येतो. कमान अरुंद आहे. समोरून ट्रॅक्टर येतोय, म्हणून बस थांबते. ड्रायव्हर गाडी इंचाइंचानं काढतो. बाई दोन्ही हातांनी ओव्हनचं दार दाबून धरतात.

सकाळी ९.५०

मांडूचा चौक. जामी मशिदीसमोर टपऱ्या उघडताहेत. एक आजी खुरासानी चिंचेची फळं मांडतेय. ती गोरखचिंच, आफ्रिकेतलं झाड, इथे शेकडो वर्षं रुजलेलं. हिरवट, मखमली सालीची लांबट फळं. फोडलेली चिंच कागदात वीस रुपयांना. सहलींच्या बस अकरानंतर येतील, तोवर तिला रास लावायची आहे.

अकरावीतले दोन मुलगे चौकात थांबलेत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाई मायक्रोवेव्ह आणणार हे काल कळलं होतं, तेवढं पुरलं. दोघे सुतळीत हात घालून ओव्हन उचलतात. एकाचे वडील गाईड आहेत. दुसरा पाच किलोमीटरवरच्या पाड्यातून चालत येतो. बाई दोघांना पोहे घेऊन देतात. दोन प्लेट, ४० रुपये. स्वतः चहा पितात, १०.

सकाळी १०.५०

प्रार्थना झाली, हजेरी झाली. आता सॉकेट शोधायचं. ओव्हनची पिन जाड आहे, वर्गातली भोकं बारीक. जाड पिनेचं सॉकेट प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एकच आहे. तिथवर टेबल ढकलतात. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली जुन्या वहीची घडी जाते. शिपाईकाका टेस्टर लावून बघतात. लाल दिवा लागतो.

बत्तीस मुलं, आठ टोल्या. मी मागच्या बाकावर जागा धरतो. बाई फळ्याच्या एका कोपऱ्यात आजची तारीख घालतात, बाकी फळा कोरा.

सकाळी ११.१५

"इको पॉइंटला कोण कोण ओरडलंय?"

सगळे हात वर. दाईच्या महालाकडे तोंड करून हाक मारली की ती परत येते, हे मांडूच्या पोराला चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. गाईडचा मुलगा म्हणतो, त्याचे वडील पाहुण्यांकडून तिथे रोज टाळ्या वाजवून घेतात.

"म्हणजे आवाजाला जायला-यायला वेळ लागतो. आणि प्रकाशाला?"

वर्ग गप्प. एक मुलगी उठते. रूपमतीच्या मंडपावर एक बॅटरी, खाली बाजबहादूरच्या महालात दुसरी. वरची लागली की खालच्यानं लावायची. मधला वेळ मोजायचा.

बाईंचा चेहरा फुलतो. हेच गॅलिलिओनं १६३८ मध्ये छापलेल्या पुस्तकात सुचवलं होतं, कंदील घेऊन. मुलीला हे माहीत नव्हतं. तिला समोरच्या दोन इमारती माहीत होत्या.

मग हिशोब. अंतर किलोमीटरभर धरू. प्रकाशाला ते कापायला सेकंदाचा तीन लाखांवा भाग लागतो. दिवा दिसून बोट बटणावर जायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात प्रकाश साठ हजार किलोमीटर जातो, पृथ्वीला दीड फेरा. मोजलं जाईल ते बोट, प्रकाश नाही.

"मग घड्याळ नको," बाई म्हणतात. "पट्टीनं मोजू."

सकाळी ११.३५

दोरी खिडकीच्या गजाला बांधतात. दुसरं टोक एका मुलाच्या हातात. तो हलवत राहतो. हळूहळू ताल जमतो आणि दोरीत दोन फुगे उभे राहतात. मधला एक बिंदू जागचा हलत नाही. गजावर आपटून परतणारी लाट आणि येणारी लाट एकमेकींत मिसळतात, तेव्हा असं होतं. एका फुग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अर्धी लाट.

ओव्हनच्या पेटीतही तेच. मायक्रोवेव्ह हा प्रकाशाचाच भाऊबंद, फक्त डोळ्यांना न दिसणारा. धातूच्या भिंतींवर आपटतो, परततो, आणि आत लाट उभी राहते. फुगा असतो तिथे पदार्थ तापतो, मधे गार राहतो. सगळं सारखं तापावं म्हणून तर कंपनी थाळी फिरवते. ती थाळी धारला ओट्यावर आहे.

सकाळी ११.५०

चार झाकणं पेटीत चार कोपऱ्यांना. त्यांवर पुठ्ठा. खाली मोटरची दांडी फिरेल, पण पुठ्ठ्याला लागणार नाही. पुठ्ठ्यावर कच्चा पापड. बाई हातातल्या बांगड्या काढून ठेवतात, मुलींनाही काढायला लावतात. पेटीत धातू जायला नको.

दार बंद. वीस सेकंद. पंखा घरघरतो. बत्तीस डोकी काचेवर झुकतात.

पापड बाहेर येतो. दोन जागी पांढरा फुललाय, मधे कच्चा, पिवळा. तिसरा फुगवटा कडेला अर्धवट. वर्गातून कल्ला उठतो. बाहेरच्या व्हरांड्यातून दुसऱ्या वर्गाची पोरं डोकावतात, वास तिथवर गेलाय.

पापड वाकतो, म्हणून मोजायला गैरसोयीचा. मोजायचं बिलाच्या कागदावर. त्याला उष्णता लागली की तो काळा पडतो, एरवी दुकानात यंत्र तेच करतं. कागदाच्या दोन पट्ट्या पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी लावायच्या, ओल्या कापसानं पुसायच्या. पाणी तापतं, पाण्याखालचा कागद काळवंडतो.

पहिली टोली. अठरा सेकंद. काळे डाग उमटतात. कडा पुसट आहेत, पण मध्य सापडतो. मुलगी पेन्सिलीनं बारीक फुली मारते. दुसरी टोली. तिसरी.

दुपारी १२.१०

"मैडम, लाइट गई!"

पंखा थांबला. ओव्हनवरचे आकडे विझले. पाच टोल्या बाकी आहेत. शिपाईकाका बाहेर जाऊन पाहून येतात. सगळ्या गावाची गेली आहे.

बाई घड्याळ बघतात. मग दोरी खिडकीच्या गजावरून सोडतात.

"चला, बाहेर. आवाजाला वीज लागत नाही."

दुपारी १२.२५

शाळेमागे मोकळी जागा, पलीकडे लांब दगडी भिंत. भिंतीपासून दोरीनं मोजत मागे यायचं. चार वेळा दोरी, वर तीन मीटर. त्रेचाळीस. तिथे दगड ठेवतात.

टाळीचा पडसाद स्वच्छ ऐकू येतो. एकदाच वाजवून वेळ घ्यायचा म्हटला तर पुन्हा बोटाचाच घोटाळा. म्हणून तालात वाजवायचं. दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये पडसाद आला पाहिजे. पाड्यावरून येणारा मुलगा पुढे होतो. घरी ढोल आहे. दोन-तीन टाळ्यांत त्याचा ताल बसतो. टाळी, पडसाद, टाळी, पडसाद.

मोबाईलवर घड्याळ लावलेली मुलगी मोजते. "एक, दोन..."

"थांब," बाई म्हणतात. "पहिली टाळी शून्य."

का, ते मुलांनीच शोधायचं. वीस टाळ्यांत अंतरं किती? एकोणीस. बोटं मोडून झाली, पटलं. पुन्हा सुरू. शून्य, एक, दोन... वीस. १०.२ सेकंद.

वही मांडीवर. भिंतीपर्यंत जाऊन-येऊन ८६ मीटर. दोन टाळ्यांमधल्या वेळात आवाज दोनदा जाऊन-येऊ शकतो, म्हणजे वीस अंतरांत चाळीस फेऱ्या. ३,४४० मीटर, १०.२ सेकंद. सेकंदाला ३३७ मीटर. पुस्तकात वीस अंश तापमानाला ३४३ आहे.

"छह कम आया," कुणीतरी खट्टू होतो.

"लिहून ठेव," बाई म्हणतात. "आपला आकडा ३३७."

दुपारी १.३०

डबे उघडतात. मक्याची भाकरी, लसणाची चटणी, कुणाकडे वांगं. ज्यांनी डबा आणला नाही त्यांच्यासाठी वाटणी ठरलेली आहे, सांगावं लागत नाही. कच्चे पापड उरलेत. बाई सांगतात, ते प्रयोगाचे आहेत. भाजलेला एकच, त्याचे बत्तीस तुकडे होतात.

दुपारी २.०५

वीज आली. सगळे धावत आत. दाब कमी आहे, ट्यूब मिणमिणतेय. अठरा सेकंदांत डाग उमटत नाहीत. पंचवीस करून बघतात, मग तीस. चौथी टोली झाली. पाचवीचा कागद जास्त ओला होता, मधेच सुरकुतला. सहावी, सातवी, आठवी.

पेटी तापली की मधे पाच मिनिटं थांबायचं. थांबण्याच्या त्या वेळात बाई मॅग्नेट्रॉनबद्दल सांगतात. लहरी सोडणारा ओव्हनमधला तो भाग. सेकंदाला २४५ कोटी वेळा हेलकावा.

मोजायला पट्ट्या काढल्या. प्लास्टिकच्या, पंधरा सेंटीमीटरच्या. कंपासपेटीत वर्षभर आपटून कडा झिजल्यात. पाचव्या टोलीच्या पट्टीचं शून्याकडचं टोकच तुटलंय. बाई जाता जाता सांगतात, "एकपासून मोजा." आणि पुढच्या टेबलाकडे वळतात, तिथे कागद फाटतोय.

दुपारी ३.१०

फळ्यावर आठ ओळी.

पहिली टोली ६.१. दुसरी ६.४. तिसरी ५.९. चौथी ६.३. पाचवी ७.२. सहावी ६.०. सातवी ६.२. आठवी ५.८.

सगळ्यांचे डोळे ७.२ वर. पाचवी टोली खाली बघते.

आधी गणित. दोन डागांमध्ये अर्धी लाट, म्हणून दुप्पट करायची. तिला २४५ कोटींनी गुणायचं. एक लाख सेंटीमीटरचा एक किलोमीटर. आठांची सरासरी ६.२४. दुप्पट १२.४८. गुणाकार तीन मुलं करतात, दोघांचा जुळतो. सेकंदाला ३,०५,७६० किलोमीटर.

वर्गात आवाज होतो. नववीपासून पाठ केलेला तीन लाखांचा आकडा बिलाच्या कागदातून बाहेर आलाय. मीही बाकावरून उठलोय, हे मला नंतर कळतं.

दुपारी ३.३०

दुसऱ्या टोलीतला मुलगा हुशार आहे. त्यानं ७.२ सोडून सरासरी काढलीय. ६.१. वेग २,९८,९००. खऱ्या आकड्यापासून हजाराच्या आत.

"मैडम, पाँचवी टोली का काट दें?"

डस्टर त्याच्या हातात आहे. अर्धा वर्ग हो म्हणतोय. पाचव्या टोलीतली मुलगीसुद्धा हो म्हणतेय, सगळ्यांत मोठ्यानं.

बाई डस्टर काढून घेतात आणि खाली ठेवतात.

"७.२ का आलं?"

कुणी म्हणतं, कागद सुरकुतला होता. कुणी म्हणतं, त्यांनी तिरपे डाग धरले. पेटी सगळ्या बाजूंनी बंद, लाटा सगळीकडून येतात, तेव्हा शेजारचे दोन डाग नेहमी अर्ध्या लाटेवरच असतील असं नाही. ही सगळी कारणं बाई फळ्यावर लिहितात.

"यातलं कोणतं कारण खरं, हे आपण तपासलं का? नाही. मग काटायचा अधिकार आपल्याला आलेला नाही. आकडा आवडला नाही, हे कारण होत नाही."

वहीत दोन्ही उत्तरं जातात. आठ टोल्यांचं आणि सातांचं. खाली एक ओळ: पाचव्या टोलीचं माप वेगळं आलं, कारण सापडलेलं नाही. सर्वांत कमी माप धरलं तर वेग २,८४,२००, सर्वांत जास्त धरलं तर ३,५२,८००. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये आहे. आपली पट्टी इतकंच सांगू शकते, आणि इतकं ती खरं सांगते.

मग फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाची गोष्ट. १८४९. पॅरिसजवळ सुरेन आणि माँमार्त्र, मधे ८,६३३ मीटर. ७२० दात्यांचं चाक. दात्यांच्या फटीतून प्रकाश जायचा, दूरच्या आरशावर आपटून परत यायचा. चाक पुरेसं जोरात फिरलं की परत येताना समोर दाता यायचा आणि उजेड अडायचा. त्यानं सुमारे ३,१३,००० काढले. आजच्या आकड्यापेक्षा चार-साडेचार टक्के जास्त. आपले दोन टक्के जास्त.

मुलं टाळ्या वाजवतात. बाई हात वर करतात. "त्यानं चाकाचे फेरेही स्वतः मोजले होते. आपण २४५० कुठून घेतलं?"

"पीछे से," गाईडचा मुलगा म्हणतो. "पट्टी पे लिखा था."

"तेही वहीत लिही."

दुपारी ४.१०

घंटेला वीस मिनिटं. बॅटऱ्यांची कल्पना सुचवणारी मुलगी विचारते, सगळ्यांत बिनचूक कुणी मोजला?

बाई सांगतात: सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. म्हणजे २९ कोटी ९७ लाख ९२ हजार ४५८. १९८३ पासून हा आकडा ठरवून टाकलाय. आता मीटरच त्याच्यावरून ठरतो. प्रकाश एका सेकंदाच्या तेवढ्याव्या भागात जितका जातो, तो एक मीटर.

मुलगी उभीच राहते. वेग ठरलेला आहे. ओव्हनचा आकडा पाठीवर लिहिलेला आहे. "तो फिर मैडम, आज हमने नापा क्या?"

बाई उत्तर देत नाहीत. फळ्यावर प्रश्न लिहितात आणि त्याच्याभोवती चौकट काढतात. आठ कागद पाकिटात घालतात. बिलाचा कागद उन्हात काळा पडतो, म्हणून पाकीट पुस्तकात.

संध्याकाळी ४.५०

परतीची बस. ओव्हन पुन्हा मांडीवर. तिकीट ५०, सामान २०. चौकातल्या आजीची अर्धी रास संपलीय. बाई चिंचेचा एक पुडा घेतात, बाबांना आवडते.

संध्याकाळी ६.३०

धार. रिक्षा ४०. हातपाय धुऊन होतात तोवर शिकवणीची मुलं आली. सात जण, महिना पाचशेप्रमाणे. आज विद्युतचुंबकीय प्रेरण. आठपर्यंत बाई उभ्यानं शिकवतात. बसले तर उठवणार नाही, म्हणतात.

रात्री ९.१०

जेवणं झाली. ओव्हन ओट्यावर, थाळी जागेवर. बाई हिशोब लिहितात. बस १४०, रिक्षा ८०, पापड ६५, कागद २०, पोहे-चहा ५०, चिंच २०. एकूण ३७५. दिवसाचं मानधन सातशेच्या आत पडतं. हा खर्च पर्समधला आहे. बाई वही मिटतात, त्यावर काही बोलत नाहीत.

बाबा आठ आकडे वाचतात. मग त्या मुलीचा प्रश्न ऐकतात. बराच वेळ चिंच चोखत राहतात.

"वेग ठरलेला. हेलकावे छापलेले. मग चुकायला उरलं काय?"

"डागांचा मध्य धरणं," बाई म्हणतात. "नाहीतर पट्टी."

"पाचव्या टोलीची पट्टी पाहिलीस?"

बाई थांबतात. तुटलेलं टोक. एकपासून मोजा, असं त्यांनीच सांगितलं होतं. टाळ्यांच्या वेळी शून्यावर अडवलं होतं, इथे अडवलं नव्हतं. एकपासून मोजून एक वजा करायचा राहिला असेल, तर ७.२ चे ६.२ होतात.

"काटला असता, तर हे कळलंच नसतं," बाबा म्हणतात. "काढ पाकीट. मोजून टाकू."

पाकीट टेबलावरच आहे. शिकवणीतली धड पट्टीही आहे. बाई कागद काढतात, दिव्याखाली धरतात. पेन्सिलीच्या दोन फुल्या स्वच्छ दिसतात.

"नको बाबा. कदाचित सुरकुतीमुळेही आलं असेल. कागद त्यांचा आहे, त्यांनीच मोजू दे. एक वजा करायचा राहिला, हे मी सांगितलं तर माझं उत्तर होईल. त्यांना सापडलं तर त्या पोरीलाही तिचं उत्तर मिळेल. आज आपण काय मोजलं, ते."

बाबा मान हलवतात आणि चिंचेची बी कागदात गुंडाळतात.

बाई उद्याचं पान काढतात. ओव्हन न्यायचा नाही. आठही पट्ट्या एकमेकींना लावून बघायच्या. पहिला तास, पाचवी टोली, त्यांचा कागद, त्यांचीच पट्टी. त्याखाली आणखी एक ओळ: कारण सापडलं, तरी ७.२ वहीतून खोडायचं नाही, शेजारी नवं माप लिहायचं.